मैदान आखण्याआधी

दिवाळी झाली की झाडीपट्टीत मंडया सुरू होतात. हलकं धान घरी आलेलं असतं, भारी धानाचे पुंजणे बांध्यांत उभे असतात, लेकी माहेरी आलेल्या असतात आणि प्रत्येक गावाच्या मंडईची तारीख आसपासच्या गावांना पाठ असते. दिवसा दुकानं आणि दंडार, रात्री नाटक. याच दिवसांत सानगडीपासून साकोली-लाखांदूरपर्यंत चौकाचौकांत, पानठेल्यांवर कबड्डीच्या स्पर्धांचे फलक लागतात. वजनगट, प्रवेश फी, पहिलं-दुसरं-तिसरं बक्षीस, बक्षीस देणाऱ्याचं नाव आणि शेवटी एक ठरलेली ओळ: पंचांचा निर्णय अंतिम राहील. ही ओळ सगळे छापतात. निर्णय कोणत्या नियमाने होणार, हे मात्र फलकावर कुठेच नसतं. हे पुस्तक त्या न छापलेल्या भागासाठी लिहिलं आहे.

आपल्याकडे कबड्डी दोन तऱ्हांनी खेळली जाते. एक संध्याकाळची. कापणी झालेल्या बांधीत, शाळेच्या पटांगणात, तलावाच्या पाळीखालच्या सपाट जागेत आठ-दहा पोरं जमतात, शर्ट काढून कडेला ठेवतात, टाचेने मध्यरेषा ओढतात आणि अंधार पडेपर्यंत खेळतात. बक्षीस नाही, पंच नाही, गुण तोंडीच. दुसरी स्पर्धेची: मांडव, दिव्यांचे खांब, समालोचक, बाहेरगावचे संघ, कडेला उभं राहून पाहणारं अख्खं गाव. गावात बोलणं दुसरीबद्दल होतं, पण खेळाडू पहिलीत घडतो. म्हणून या पुस्तकात पहिलीला मी जास्त जागा दिली आहे. स्पर्धा कशी भरवावी यावर प्रकरणं आहेतच. तरी जी पोरं कधीच स्पर्धेत उतरणार नाहीत, ज्यांना कामावरून आल्यावर तासभर खेळायचं आहे एवढंच, त्यांनाही नियम नीट कळले पाहिजेत. त्यांना ते जास्तच कळले पाहिजेत, कारण त्यांच्या खेळात शिट्टी वाजवायला कोणी नसतं. पंच नसलेला खेळ टिकवायचा तर नियम प्रत्येक गड्याच्या डोक्यात सारखाच असावा लागतो.

सगळ्यांना एकच नियम माहीत असणं ही कबड्डीत फार जुनी गोष्ट नाही. महाराष्ट्रात हुतूतू, बंगालमध्ये हाडुडू, तमिळ मुलखात सडुगुडू अशा नावांनी हा खेळ गावोगाव होता, आणि बाद झालेल्या गड्याचं काय करायचं याची रीत जागोजागी वेगळी होती. जाणकारांनी या रीती तीन प्रकारांत बसवल्या. संजीवनीत समोरचा एक गडी बाद झाला की आपला बाद झालेला एक गडी परत आत येतो. गामिनीत बाद झालेला बाहेरच बसतो आणि सगळा संघ बाद झाला की डाव संपतो. अमरमध्ये बाद झालेला मैदान सोडतच नाही, गुण तेवढा मोजला जातो. आज सगळीकडे मान्य असलेली कबड्डी संजीवनीच्या अंगाने वाढली आहे. सगळा संघ बाद केला की लोण चढतो, त्याचे दोन गुण जास्तीचे मिळतात आणि बाद संघ पुन्हा पूर्ण उभा राहतो.

पण बाकीच्या दोन रीती मोडीत काढायचं कारण नाही. पाच-पाच पोरांत गामिनी खेळली, तर पहिल्या मिनिटाला बाद झालेलं लहान पोर अर्धा तास धुऱ्यावर बसून राहतं आणि दुसऱ्या दिवशी येत नाही. तिथे अमर बरी. सगळे सतत खेळत राहतात, अंगात ऊब राहते आणि नवख्याला पकड शिकायची संधी पुन्हा पुन्हा मिळते. ज्यांना स्पर्धेसाठी तयारी करायची आहे त्यांनी संजीवनीच खेळावी. कोणती रीत, ते खेळ सुरू होण्याआधी मोठ्याने सांगावं. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे, पुढेही ते वारंवार येईल.

नियम लिहून काढण्याचं काम महाराष्ट्रातल्या शरीरशिक्षणाच्या मंडळींनी केलं. १९१८ च्या सुमारास नियमांना आकार आला, १९२३ मध्ये ते छापले गेले आणि त्याच वर्षी बडोद्याला हिंद विजय जिमखान्याने त्यांवर स्पर्धा भरवली. विदर्भही यात मागे नव्हता. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये अमरावतीत उभ्या केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली, त्यांत कबड्डी होती. १९५० मध्ये देशाची संघटना झाली, १९५२ मध्ये मद्रासला पुरुषांची आणि १९५५ मध्ये कलकत्त्याला महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डीला पदक लागलं. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी या खेळाच्या संघटनेत आयुष्य घातलं. १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. आपल्या पोरांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: विदर्भाची कबड्डी संघटना वेगळी आहे आणि राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा संघ स्वतंत्र उतरतो. सानगडीच्या खेळाडूची वाट भंडारा जिल्ह्याच्या निवडीतून विदर्भाच्या संघाकडे जाते, मुंबई-पुण्याकडून जात नाही.

इतकी वर्षं नियम घोटून झाल्यावर तरी वाद संपले असतील असं वाटतं. ते संपलेले नाहीत, आणि त्याचा सर्वांत मोठा दाखला आशियाई खेळांच्या अंतिम सामन्यातच मिळाला.

७ ऑक्टोबर २०२३. चीनमधलं हांगझोऊ. भारत आणि इराण, पुरुषांचा अंतिम सामना, गुण २८-२८, वेळ संपत आलेली. पवन सेहरावत चढाईला गेला. ती करो या मरोची चढाई होती, म्हणजे गुण न आणता परतला तर तो बाद. आता इथे राखीव क्षेत्राचा नियम समजून घेतला पाहिजे. मैदानाच्या दोन्ही बाजूंना एक-एक मीटर रुंदीच्या पट्ट्या असतात. चढाईपटूचा आणि बचाव करणाऱ्यांचा स्पर्श होईपर्यंत त्या पट्ट्या मैदानाबाहेर धरल्या जातात. स्पर्श झाला, झटापट सुरू झाली, की त्या मैदानात येतात. सेहरावत कोणालाही न शिवता त्या पट्टीत गेला आणि त्याच्यामागोमाग इराणचे बचावपटूही पट्टीत उतरले. एका नियमाप्रमाणे स्पर्शाविना पट्टीत गेलेला प्रत्येक जण बाद, मग तो चढाई करणारा असो की पकड करणारा. दुसऱ्या, नव्या नियमाप्रमाणे चढाईपटू आपणहून पट्टीत गेला त्याच क्षणी चढाई संपते. त्यानंतर कोण कुठे गेलं याला अर्थ उरत नाही. पंचांनी एक निर्णय दिला, मग तो फिरवला, मग पुन्हा बदलला. खेळाडू मैदानात बसून राहिले. सामना जवळजवळ तासभर थांबला. शेवटी भारत ३३-२९ असा जिंकला आणि सुवर्णपदक आपल्याकडे आलं.

आपण जिंकलो याचा आनंद मलाही आहे. पण त्या तासाकडे मी वेगळ्या कारणासाठी बोट दाखवतो. तिथे कॅमेरे होते, प्रशिक्षित पंच होते, छापील नियमपुस्तक होतं आणि दोन्ही संघ जगातले सर्वोत्तम होते. तरी वाद झाला, कारण दोन नियम एकाच वेळी चलनात होते आणि यातला कोणता चालणार हे सगळ्यांच्या मनात एकसारखं ठसलेलं नव्हतं. दोन्ही बाजू आपापल्या परीने खरंच बोलत होत्या. आपल्या मंडईच्या मैदानात होणारी भांडणंही बहुतेक वेळा अशीच असतात. कोणी लबाडी करतो म्हणून ती होत नाहीत. ‘आमच्या गावात असंच खेळतात’ असं दोन गावं एकाच वेळी, मनापासून म्हणतात म्हणून होतात.

२०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून यात टीव्हीची भर पडली. तिथून पोरांनी पुष्कळ चांगलं घेतलं: कोपऱ्यातून घोट्याची पकड, साखळीने घेरणं, निसटताना अंग फिरवणं. सोबत नियमही घेतले, पण अर्धवट. तीन किंवा कमी गडी मैदानात असताना केलेल्या पकडीला एक गुण जास्त, लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी करो या मरोची, या गोष्टी टीव्ही पाहणाऱ्या पोराला जन्मजात वाटतात. जुन्या पद्धतीने खेळणाऱ्या थोराला त्या कुठून आल्या ते कळत नाही. स्पर्धेत हे दोन्ही नियम ठेवावेत की नाही, हे भरवणाऱ्यांनी ठरवावं. माझं मत विचाराल तर खुल्या गटात ठेवावेत, शाळकरी पोरांच्या गटात ठेवू नयेत. करो या मरोच्या दडपणाखाली बारा-तेरा वर्षांचं पोर नको तिथे अंग टाकतं आणि दुखापत करून घेतं.

बोनसचं प्रकरण तर फारच चुकीचं समजलं गेलं आहे. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा असते आणि तिच्यापुढे आणखी एक मीटरवर बोनस रेषा. चढाईपटूचा एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकलेला आणि दुसरा त्याच वेळी हवेत असेल, तर बोनस गुण. मात्र त्या वेळी समोर निदान सहा गडी उभे असले पाहिजेत. पाच-पाच गड्यांच्या खेळात बोनस असूच शकत नाही. तरी संध्याकाळच्या खेळात सगळ्यांत जास्त वादावादी बोनसवरूनच होते, आणि तीही चार-पाच गड्यांचे संघ असताना! बोनस मिळाला म्हणून आपला बाद गडी परत येत नाही, ही गोष्टही फार थोड्यांना माहीत असते. परत येण्याचा क्रम हा असाच एक मुद्दा. जो आधी बाद झाला तो आधी आत येतो. हौशी खेळात मात्र गुण मिळाला की संघ आपला चांगला चढाईपटू आधी आत बोलावतो आणि बिचारा पहिल्यांदा बाद झालेला पोरगा शेवटपर्यंत बाहेर राहतो. नियम त्या पोराच्या बाजूने आहे. तो त्याला माहीत असला तर तो बोलू शकेल.

आणि दम. याबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण कबड्डीचा हा गाभाच हातातून निसटत चालला आहे. स्पर्धेत चढाईला ३० सेकंद असतात, टेबलावर घड्याळ असतं, त्यामुळे पाहणाऱ्यांचं लक्ष घड्याळाकडे जातं आणि तोंडातल्या ‘कबड्डी कबड्डी’कडे कोणी कान देत नाही. पोरंही मग पुटपुटल्यासारखा दम घालतात. बांधीतल्या खेळात घड्याळ नसतं. तिथे चढाई किती वेळ चालायची याचं माप चढाईपटूचा श्वास हेच आहे, आणि ते माप समोरच्या प्रत्येक गड्याला ऐकू येतं. आपल्या पूर्वजांनी पंच आणि घड्याळ दोन्ही नसताना हा खेळ न्यायाने चालवला तो याच जोरावर. म्हणून हौशी खेळात दमाबाबत कडक राहावं. मध्यरेषा ओलांडण्याआधी दम सुरू झाला पाहिजे, शब्द स्पष्ट आणि सलग ऐकू आला पाहिजे, समोरच्या अंगणात श्वास घेतला की चढाई संपली. यात सवलत देऊ नये. बाकी सगळ्यात द्यावी.

सवलत द्यावी म्हणजे काय, ते सांगण्यासाठी फार दूरच्या एका खेळाकडे वळतो. कॅनडात थंडीत तळी गोठतात आणि त्या बर्फावर पायांत स्केट्स बांधून लोक हॉकी खेळतात. ३ मार्च १८७५ रोजी माँट्रियल शहरातल्या बंदिस्त बर्फाच्या मैदानावर ठरवून भरवलेला सामना झाला, आणि दोन वर्षांनी तिथल्या वर्तमानपत्रात या खेळाचे सात नियम छापून आले. आज आइस हॉकीचं नियमपुस्तक जाडजूड आहे. पण तळ्यावर संध्याकाळी जमणारे लोक त्यातलं फारच थोडं पाळतात. संघ पाडायचे तर सगळे आपापल्या काठ्या मधोमध ढिगात टाकतात आणि एक जण न पाहता त्या दोन बाजूंना वाटत जातो. ज्याची काठी ज्या बाजूला पडली तो त्या संघाचा. बापलेक वेगळ्या संघांत जातात, नवखा आणि पट्टीचा एकत्र येतात, आणि कोणालाही सर्वांत शेवटी निवडलं गेल्याचा अपमान सोसावा लागत नाही. मग दोन-तीन गोष्टी तोंडी ठरतात. खेळाची चकती बर्फावरून उचलून मारायची नाही, कारण अंगात कोणी संरक्षक कपडे घातलेले नसतात. अंगावर धडक द्यायची नाही. लहान मूल आत असेल तर त्याच्यासमोर हात राखून. 

ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. हौशी खेळात नियम सैल सोडलेले नसतात. ते कमी असतात, खेळण्याआधी बोलून घेतलेले असतात आणि त्यातला प्रत्येक नियम कोणाचा तरी हातपाय वाचवण्यासाठी असतो. आपल्या बांधीला हेच लागू करून पाहा. कापलेल्या धानाची धसकटं सुकली की टोकदार होतात. तिथे गड्याला आडवं पाडणारी पकड नको, कमरेची धरावी आणि धरलं की सोडून द्यावं. मैदान लहान असेल तर बोनस नको. वजनात फार फरक असेल तर जडाने हलक्याला अंगाने रेटायचं नाही. स्पर्श झाला की नाही यावर मत फुटलं तर ज्याला स्पर्श झाला त्यानेच हात वर करावा, आणि त्यानंतरही मिटलं नाही तर गुण कोणालाच न देता चढाई पुन्हा घ्यावी. संघ पाडताना दोन दांडगे पुढे उभे राहून एकेक पोर मागून घेतात, ती रीत सोडून द्यावी. दोन-दोन सारख्या ताकदीच्या पोरांनी जोडी करून बाजूला जावं, गुपचूप नावं ठरवावीत आणि म्होरक्यांसमोर येऊन ‘कोण घेता?’ असं विचारावं, ही आपल्या लहानपणीची रीत कितीतरी न्यायाची होती.

आता स्पर्धेबद्दल. त्यावर पुस्तकात प्रकरणं आहेतच, म्हणून इथे मला ज्या गोष्टी सर्वांत जास्त डाचतात तेवढ्याच सांगतो.

मैदान पुरुषांसाठी १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, महिलांसाठी १२ बाय ८. मॅट भाड्याने आणण्यावर खर्च करण्याआधी माती नीट करावी. खडे वेचून माती चाळावी, आदल्या संध्याकाळी पाणी मारावं, सकाळी रोलर फिरवावा. रेषा आखताना न विझवलेला चुना कधीच वापरू नये. पकडीत चेहरा मातीत घासला जातो आणि तो चुना डोळ्यांत गेला तर कायमची इजा होऊ शकते. फक्की खडूची किंवा संगमरवराची असावी.

वजन लॉट्स पाडण्याआधी, सगळ्यांच्या देखत, एकाच काट्यावर करावं. संघटनेच्या स्पर्धांत पुरुषांना ८५ किलोची आणि महिलांना ७५ किलोची मर्यादा असते. आपल्याकडे ५५, ६० किलोचे गट चालतात आणि ते चांगलेच आहेत, कारण आपली पोरं अंगाने हलकी असतात. पण सामना सुरू झाल्यावर ‘याचं वजन पुन्हा करा’ ही मागणी ऐकून घेऊ नये. एकदा काटा झाला की झाला.

वेळेचा हिशोब तर कोणी करतच नाही. समजा ११ संघ आले. बादफेरीत ११ संघांचे १० सामने होतात, यात बदल नाही. पहिल्या फेरीत तीन सामने आणि पाच संघांना बाय, म्हणजे दुसऱ्या फेरीत बरोबर आठ संघ उरतात. एक सामना १५-५-१५ मिनिटांचा धरला तर ३५ मिनिटं. दहा सामन्यांची ३५० मिनिटं, म्हणजे खेळाचेच जवळपास सहा तास. त्यात संघ मैदानात यायचा वेळ, दुखापती, पाहुण्यांचे सत्कार. संध्याकाळी सातला उद्घाटन ठेवलं तर अंतिम सामना पहाटेच होणार! डिसेंबरातल्या आपल्या रात्री कडाक्याच्या असतात, मध्यरात्रीनंतर दव पडून माती निसरडी होते, थंड पडलेल्या अंगाने पोरं पकडीत शिरतात. दुखापती त्याच तासांत होतात. शिवाय रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकाला कायद्याने मनाई आहे. म्हणून दोन दिवस घ्या, किंवा दुपारी सुरू करा, किंवा सत्कार कमी करा. तिसरा उपाय सर्वांत सोपा आहे आणि सर्वांत कमी वापरला जातो. उपचाराची पेटी आणि साकोलीपर्यंत न्यायला एक गाडी मैदानाजवळ उभी असल्याशिवाय पहिली शिट्टी वाजवू नये.

पंच खेळणाऱ्या दोन्ही गावांचे नसावेत. एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि एक वेळाधिकारी एवढी माणसं किमान हवीत. त्यांना जेवण, चहा आणि मानधन देताना हात आखडू नये. सामन्याआधी सरपंचाने दोन्ही कर्णधारांना बोलावून राखीव क्षेत्र, बोनस, तिसरी चढाई, खेळाडू बदलण्याची पद्धत आणि बरोबरी झाल्यास काय, या पाच गोष्टी वाचून दाखवाव्यात. पाच मिनिटं लागतात. बरोबरीचा प्रश्न तर आधीच मिटवून ठेवावा. बादफेरीत साधारणपणे दोन्ही संघांना पाच-पाच चढाया देतात आणि त्यांतही बरोबरी झाली तर सुवर्ण चढाई. हे अंतिम सामना बरोबरीत सुटल्यावर सांगायला गेलं, तर हरणाऱ्या संघाला ते त्याच वेळी शोधून काढल्यासारखं वाटतं, आणि तसं वाटण्यात त्याचा दोष नाही.

बक्षिसाच्या रकमेबद्दल मी स्पष्ट लिहिणार आहे. रक्कम वाढत गेली तसे संघ आपल्या गावाचं नाव लावून बाहेरचे खेळाडू आणायला लागले. जिंकतं गावाचं नाव, खेळतो कोणी तिसराच, आणि वर्षभर बांधीत घाम गाळलेला गावचा पोरगा राखीव खेळाडूंच्या बाकावर बसतो. हे चूक आहे. बाहेरचे खेळाडू अजिबात नकोत असं मी म्हणत नाही; चांगल्या खेळाडूसमोर खेळूनच शिकता येतं. एका संघात दोनपेक्षा जास्त नकोत, त्यांची नावं आधी जाहीर व्हावीत, ओळखपत्र पाहिलं जावं. आणि बक्षिसाची निम्मी रक्कम कमी करून त्या पैशांत गावच्या शाळेला कायमचं मैदान करून द्यावं. देणगीदाराचं नाव तिथेही लावता येईल, आणि ते मंडईच्या फलकापेक्षा जास्त दिवस टिकेल.

मुलींसाठी वेगळं प्रकरण लिहिलं आहे. ७ ऑक्टोबर २०२३ ला, ज्या दिवशी पुरुषांच्या सामन्यात तो वाद झाला त्याच दिवशी, भारताच्या महिलांनी चिनी तैपेईला २६-२५ असं हरवून सुवर्ण जिंकलं, आणि ते त्या आशियाई खेळांतलं भारताचं शंभरावं पदक ठरलं. एका गुणाने मिळवलेला तो विजय आपल्या गावांतल्या कितीतरी मुलींनी पाहिला. त्यांच्यासाठी आपण काय ठेवलं आहे? रात्रीची स्पर्धा त्यांना जमत नाही, बांधीत त्या जात नाहीत, शाळा सुटल्यावर पटांगणाला कुलूप लागतं. मुलींचे सामने दिवसा, शाळेच्या आवारात, महिला पंचांच्या हाताखाली घ्यावेत आणि पाहायला आई-मावश्यांना मुद्दाम बोलवावं. घरातल्या बायकांनी एकदा खेळ पाहिला की पुढच्या वर्षी परवानगी मागावी लागत नाही, हा माझा अनुभव आहे.

या पुस्तकाने काय केलं नाही तेही सांगायला हवं. डावपेच इथे नाहीत. मुसंडी कशी मारावी, कोपरारक्षकाने कुठे उभं राहावं, हे मैदानावर जाणत्याकडून शिकायचं असतं. संघटनेच्या नियमपुस्तकाची ही नक्कलही नाही. जिल्हा पातळीवर किंवा त्यापुढे खेळायचं असेल तर मूळ पुस्तक आणि त्यातले ताजे बदल पाहिलेच पाहिजेत. नियम बदलत राहतात, राखीव क्षेत्राचा तर आपल्या डोळ्यांदेखत बदलला. दर वर्षी मंडईच्या आधी जिल्ह्याच्या पंचांकडून नवे बदल विचारून घ्यावेत.

ज्या पंचांनी आपली टिपणं मला वाचायला दिली, सामना संपल्यावर थंडीत बसून शंकांना उत्तरं दिली आणि कच्च्या मसुद्यातली प्रत्येक माप पुन्हा तपासलं, त्यांचे आभार. त्यांच्यापैकी काहींनी मैदानावर शिव्या खाल्ल्या आहेत आणि तरी पुढच्या वर्षी शिट्टी घेऊन ते उभे राहिले. त्यांच्याशिवाय आपल्या भागातली कबड्डी केव्हाच थांबली असती.

पुस्तकाच्या शेवटी एक पान रिकामं सोडलं आहे. वर ‘आमच्या गावाचे नियम’ एवढंच छापलं आहे. तुमचं मैदान केवढं, गडी किती, बोनस आहे की नाही, राखीव क्षेत्राचा कोणता नियम, बरोबरी झाली तर काय, हे त्यावर लिहा. खेळणाऱ्या पोरांना सोबत घेऊन लिहा, मोठ्यांनी परस्पर ठरवू नका. मग ते पान पुस्तकातून फाडा, त्याच्या प्रती काढा, एक प्रत येणाऱ्या प्रत्येक संघाला प्रवेश फीच्या पावतीसोबत द्या आणि एक गुणलेखकाच्या टेबलावर ठेवा.